एका अक्षराचा बदल आणि जातीचे कुंपण

विदर्भात, त्यातही नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात 'एसएस पॅटर्न' हे शब्द ज्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत, असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. मात्र हे शब्द उच्चारले जातात ते हळू आवाजात. मुलीचे लग्न जुळायचे असेल तर दार लावून, मुलगा वारंवार आजारी पडत असेल तर शेजाऱ्यांना कळू न देता. सिकलसेल हा आजार आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे, पण आपल्या सभांच्या विषयपत्रिकेवर तो अभावानेच येतो. आरक्षण, अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, बॅकलॉग यावर आपण तासन्‌तास बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण ज्या आजाराने आपली लेकरे दुखण्याने तळमळतात, ज्यांची शाळा बुडते, ज्यांचे सांधे ऐन तारुण्यात निकामी होतात, त्या आजाराविषयी चळवळीने गप्प का राहावे?

या गप्प राहण्यामागे एक भीती आहे आणि ती खोटी नाही. 'हा तुमच्या लोकांचा आजार' असे ऐकवणारे महाभाग दवाखान्यापासून कचेरीपर्यंत भेटतात. रक्त शुद्ध, रक्त अशुद्ध या खुळचट कल्पनेवर ज्यांनी हजारो वर्षे समाजव्यवस्था चालवली, त्यांच्या हाती आणखी एक कोलीत कशाला द्यायचे, असे आपल्या कार्यकर्त्यांना वाटते. पण कोलीत विझवायचे असेल तर ते कशाने पेटले हे आधी समजून घ्यावे लागते. म्हणून आज थोडे विज्ञान आणि थोडा कायदा सांगतो.

आपल्या तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचे काम. एका पेशीत या प्रथिनाचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ मणी असतात. या मण्यांना अमिनो आम्ल म्हणतात. कोणता मणी कोणत्या जागी ओवायचा, याचा मजकूर आपल्या जनुकात लिहिलेला असतो. बीटा साखळीचा मजकूर अकराव्या गुणसूत्रावर आहे. या मजकुराची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाचा एक मणी, असा हा हिशेब.

आता सहाव्या जागेवरचा शब्द पाहा. तिथे 'जीएजी' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'ग्लुटामिक आम्ल ओवा'. सिकलसेलमध्ये मधल्या 'ए'च्या जागी 'टी' आलेला असतो. शब्द होतो 'जीटीजी' आणि त्याचा अर्थ होतो 'व्हॅलिन ओवा'. एवढाच फरक. जनुकातले एक अक्षर आणि साखळीतला १४६ पैकी एक मणी. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

एका अक्षराने एवढे काय बिघडते, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी आमच्या न्यायालयांकडे पाहावे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'धांगड' छापले आहे की 'धनगर' म्हणायचे होते, या 'ड' आणि 'र'च्या वादावर महाराष्ट्रात कित्येक दशके मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या आणि अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरील याचिका फेटाळल्या. बाजू कोणाचीही खरी असो, एका अक्षरावर लाखो माणसांचे हक्क लटकू शकतात हे तर आपण डोळ्यांनी पाहिले. कायद्याच्या मजकुरात जे घडते, तेच शरीराच्या मजकुरातही घडते.

मात्र प्रत्येक बदल घातक नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याच सहाव्या शब्दाचे शेवटचे अक्षर बदलून 'जीएए' झाले, तर अर्थ बदलत नाही. मणी तोच राहतो आणि माणसाला काही होत नाही. कारण शब्द चौसष्ट आहेत, मणी वीस. एका मण्याला अनेक शब्द आहेत. पहिले अक्षर बदलून 'एएजी' झाले, तर लायसिन नावाचा तिसराच मणी येतो आणि पश्चिम आफ्रिकेत आढळणारे 'हिमोग्लोबिन सी' तयार होते. त्याचा त्रास सिकलसेलपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. कधी एखादे अक्षर गळते किंवा जादा घुसते आणि पुढचे सगळे शब्द सरकून वाक्याचा चुथडा होतो. कधी अवेळी पूर्णविराम पडतो आणि प्रथिन अर्धवट राहते. बीटा थॅलेसेमियात अशा अनेक प्रकारांनी बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. तो आजार आपल्या देशात सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत अधिक आढळतो. म्हणजे जनुकातले बदल सर्व जातींत आहेत. कोणत्या जातीत कोणता बदल साठला, एवढाच प्रश्न आहे. शुद्ध रक्ताची जात या पृथ्वीतलावर नाही.

तर मग व्हॅलिनने नेमके काय होते? ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो आणि ते पाण्याशी जुळवून घेते. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळते. हिमोग्लोबिनने आपला प्राणवायू सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. व्हॅलिन नेमके त्या खोबणीत जाऊन बसते. एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला आणि बघता बघता पेशीच्या आत ताठ दोरखंड तयार होतात. वाटोळी, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि तिथे ती जीवघेणी कळ उठते. हाडे, छाती, पोट, कधी मेंदूसुद्धा. प्लीहा निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून रक्त सतत कमी, डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. अशा मुलाला 'आळशी' म्हणणारे शिक्षक आणि 'कावीळ उतरवून देतो' म्हणणारे मांत्रिक, दोघेही त्याचे सारखेच नुकसान करतात.

या आजाराची वैज्ञानिक ओळख अमेरिकेत झाली आणि तीही एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातून. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या, दंतवैद्यकी शिकणाऱ्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रुग्णाचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिली वेळ होती. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्राम यांनी तो फरक एका मण्याचा आहे हे सिद्ध केले. आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकल पेशी आढळल्या आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली १९५६ मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांत या आजाराची नोंद जगाच्या वैद्यकशास्त्रात झाली. त्यालाही आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. एवढ्या काळात शासनाने काय केले आणि आपण काय केले, हा प्रश्न दोघांनाही लागू आहे.

हे जनुक आपल्याकडेच का, याचे उत्तर जातीत नाही, मलेरियात आहे. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की ज्याच्याकडे सिकलचे एकच जनुक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, मध्य भारताची जंगले, जिथे जिथे मलेरियाने माणसे मारली तिथे तिथे हे जनुक टिकून राहिले. ज्यांचे पूर्वज जंगलात, धानाच्या बांध्यांत, डासांच्या प्रदेशात राबले, त्यांना निसर्गाने दिलेली ही ढाल आहे. तिच्याबद्दल शरमेने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा या आदिवासी बांधवांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हे जनुक अधिक आढळते, कुणबी-तेली समाजांतही कमी प्रमाणात आढळते.

पण ढाल एक असेल तर ढाल, दोन झाल्या तर ओझे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे प्रत्येक जनुकाचे दोन नमुने आपल्याला मिळतात. एकच सिकलचा असेल तर तो माणूस 'एएस' म्हणजे वाहक. तो रुग्ण नव्हे. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही सिकलचे असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. 'पहिला आजारी झाला, आता पुढचे तीन चांगले' असा हिशेब मांडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तो हिशेब चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो.

आणि इथे जात येते. मध्य भारतातील काही समाजगटांत वाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांपासून तीस टक्क्यांच्या पुढेही नोंदले गेले आहे. समजा एका गटात शंभरात वीस वाहक आहेत आणि लग्ने त्याच गटात होतात. तर शंभर लग्नांपैकी सुमारे चार लग्नांत दोघेही वाहक असतील आणि शंभरात एक मूल रुग्ण जन्मेल. तेच, ज्या गटात शंभरात दोनच वाहक आहेत त्या गटातला जोडीदार निवडला, तर दोघेही वाहक असलेली लग्ने हजारात चारच राहतील. दहापट घट. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म स्वजातीय विवाहात आहे हे दाखवून दिले होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात, जातीमुळे वंशाची आणि रक्ताची शुद्धता टिकते हा सनातन्यांचा दावा त्यांनी खोडून काढला होता. आज जनुकशास्त्र त्याच दिशेने साक्ष देते. स्वजातीय विवाहाच्या कुंपणाने रक्त शुद्ध राहत नाही. कुंपणाच्या आत जे साठले आहे ते पुन्हा पुन्हा एकमेकांवर येऊन आदळते, इतकेच. मग ते आपल्यातले सिकलसेल असो की इतरांतला थॅलेसेमिया.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. आंतरजातीय विवाह हा सिकलसेलवरचा रामबाण इलाज आहे असे समजू नका. विदर्भात हे जनुक अनेक समाजांत आहे, म्हणून जोडीदार कोणत्याही जातीचा असो, दोघांची रक्ततपासणी हवीच. आंतरजातीय विवाह समतेसाठी करायचा, तपासणी लेकरांसाठी करायची. आणि पोटजातीचे जे कुंपण आपण बौद्ध झाल्यावरही लग्नाच्या बाजारात शिल्लक ठेवले आहे, 'आमच्यातलाच पाहिजे' म्हणून जे बायोडाटे फिरतात, ते धम्माच्या विरोधात आहे आणि आरोग्याच्याही.

दुसरी गोष्ट कर्माची. आजारी लेकराच्या आईला 'मागच्या जन्मीचे पाप' असे सांगणारे अजूनही भेटतात आणि दुर्दैवाने त्यात आपलेही लोक असतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना थेट आनुवंशिकतेचा आधार घेतला आहे. मूल जर आपले गुणधर्म आई-वडिलांकडून घेते, तर पूर्वजन्मीचे संचित त्यात कुठून शिरणार, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. सहाव्या शब्दातला एक 'टी' कोणाच्याही पापाने येत नाही आणि कोणाच्याही नवसाने जात नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लेकराच्या गळ्यात गंडा दिसता कामा नये. त्याच्या हातात दवाखान्याचे कार्ड हवे.

आता कायद्याकडे येतो. माझ्या वकिलीत अशी प्रकरणे येतात की मूल 'एसएस' निघाले म्हणून नवऱ्याने बायकोला माहेरी धाडले आणि नोटीस पाठवली की तिने आजार लपवून फसवणूक केली. एका प्रकरणात ती बाई फक्त वाहक होती आणि नवऱ्याने स्वतःची तपासणी केलेलीच नव्हती. अशा वेळी एकच साधा प्रश्न विचारावा लागतो: मूल 'एसएस' असेल तर दुसरे जनुक आले कुठून? बापाकडून सिकलचे जनुक आल्याशिवाय मूल 'एसएस' होऊच शकत नाही. विज्ञानाचे हे एक वाक्य सासरच्या मंडळींचा सगळा कांगावा बंद करते. बौद्धांच्या विवाहांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो आणि त्यात फसवणुकीने संमती घेतल्यास विवाह रद्द करता येतो, हे खरे. पण वाहक असणे हा आजारच नाही, तर तो लपवला असे म्हणायचे कशाच्या आधारावर? आपल्या भगिनींना हे माहीत असले पाहिजे आणि आपल्या वकील मित्रांनाही.

दुसरा मुद्दा अपंगत्वाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सिकलसेल आजाराला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. परीक्षेत जादा वेळ वगैरे सोयींची तरतूदही याच कायद्यात आहे. पण सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण देणाऱ्या कलम ३४ मध्ये जे प्रवर्ग मोजले आहेत, त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकताना तुम्ही दिव्यांग आणि नोकरी मागताना धडधाकट! हा कोणता न्याय? या कलमात दुरुस्ती व्हावी यासाठी चळवळीने आपल्या खासदारांच्या मागे लागले पाहिजे.

तिसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी असे तिचे लक्ष्य आहे. मोहिमेचे स्वागतच केले पाहिजे. पण अर्थसंकल्पाच्या भाषणात शब्द आहेत 'बाधित आदिवासी भाग'. आदिवासी बांधवांना अग्रक्रम मिळालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु नागपूरच्या झोपडपट्टीत किंवा भंडाऱ्याच्या खेड्यात राहणारा बौद्ध रुग्ण 'आदिवासी भागा'च्या व्याख्येत बसत नाही म्हणून मागे राहिला, तर विळ्याच्या आकाराची पेशी त्याचे जातप्रमाणपत्र पाहून थांबणार आहे काय? नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्याने या रुग्णांसाठी आयुष्य वेचले आणि २०१८ मध्ये त्यांच्या कार्याची पद्मश्रीने नोंद घेतली गेली. ते काम आता संघटनांनी पुढे नेले पाहिजे.

तपासणीतही एक गफलत होते. शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. पहिल्या चाचणीवर 'पॉझिटिव्ह' म्हणून शिक्का मारून माणसाला घरी पाठवणे म्हणजे पहिल्या तारखेलाच शिक्षा सुनावणे. दुसरी तपासणी आणि नीट समुपदेशन होत नसेल तर अशी शिबिरे कार्यकर्त्यांनी आयोजित करू नयेत.

तपासणीचा दुरुपयोग कसा होतो, याचा धडा अमेरिकेने घालून दिला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न पाळता लोकांवर शिक्के बसले. नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तर कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या रक्ताची सिकल तपासणी त्यांना न विचारता केली गेली आणि १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाला सांगावे लागले की असे करणे हा खासगीपणाच्या घटनात्मक हक्काचा प्रश्न आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस गावात तपासणी झाली तेव्हा वाहक तरुण-तरुणींवर असा कलंक बसला की लग्नाच्या वेळी अनेकांनी आपला अहवालच लपवला.

पण त्याच अमेरिकेत दुसरेही उदाहरण आहे. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ मध्ये सिकलसेलच्या मोफत तपासणीची मोहीम स्वतः उघडली. सरकार आमच्या आजाराकडे पाहत नाही, तर आम्ही पाहू, अशी ती भूमिका होती. तोवर दुर्लक्षित राहिलेला आजार राजकीय प्रश्न झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकेला सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला, तो ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्यांची झुंजार वृत्ती आपण घेतली, त्यांचा दवाखाना मात्र घ्यायचा राहून गेला. ज्यांना वाटते की सिकलसेलविषयी बोलल्याने समाजाची बदनामी होते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. तपासणी समाजाच्या हातात असेल तर ती हत्यार होते. परक्याच्या हातात राहिली तर शिक्का होते.

म्हणून कायद्याचे संरक्षण हवे. अमेरिकेने २००८ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या प्रकरणात जनुकीय वारशावरून होणारा भेदभाव कलम १४ च्या विरोधात असल्याचे म्हटले. त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना जनुकीय आजारांच्या नावाखाली दावे नाकारू नका असे बजावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण निवाड्यांच्या भरवशावर किती काळ राहायचे? एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ मध्ये संसदेने कायदा केला. त्यात संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती गुप्त राहील, नोकरी-शिक्षण-विम्यात भेदभाव नाही, अशी तरतूद आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठातून सांगितले. सात कोटी माणसांच्या जनुकाची माहिती शासन गोळा करत असेल, आणि ही माणसे बहुसंख्येने आदिवासी आणि वंचित असतील, तर तेवढेच भक्कम संरक्षण त्यांना का नको? ज्या देशात आडनावावरून घर भाड्याने मिळत नाही, तिथे सिकलचे कार्ड उद्या जातीचा नवा दाखला होणार नाही याची हमी कोण देणार?

उपचाराबद्दलही आशा बाळगायला जागा आहे. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर दुखण्याचे झटके कमी होतात. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असते त्यात बीटा साखळी नसते. म्हणून जन्मानंतर काही महिने 'एसएस' बाळालाही त्रास होत नाही. हे औषध तेच बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. तोही बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही, बाळपणीच्या हिमोग्लोबिनवरचा अडसर काढून टाकतो. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी विकसित केलेला 'बिरसा १०१' हा जनुक-संपादन उपचार जाहीर झाला. भगवान बिरसा मुंडांचे नाव दिले हे चांगलेच. पण तो उपचार बिरसाच्या लेकरांपर्यंत फुकट पोचला तरच त्या नावाचा मान राहील. आणि तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या संपल्या, पेनिसिलीन नाही, रक्तपेढीत रक्त नाही, ही उत्तरे खपवून घेता कामा नयेत. सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात १९९६ मध्येच सांगितले आहे.

गर्भवती भगिनींसाठी एक गोष्ट. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदाच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला परवानगी देतो. तपासणी करायची की नाही आणि पुढे काय करायचे, हा निर्णय त्या बाईचा. सासूचा नाही, समाजाचा नाही आणि सरकारचाही नाही.

शेवटी कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन होते, त्यात एक दिवस सिकलसेलसाठी द्या. लग्न ठरवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, आता दोघांचेही रक्ताचे अहवाल पाहायला सुरुवात करा, आणि दोघेही वाहक निघाले तर त्यांना हिणवू नका, नीट सल्ला मिळवून द्या. बौद्ध विवाह लावणाऱ्या संस्थांनी याचा आग्रह धरावा. आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणती औषधे आहेत, दुसरी तपासणी कुठे होते, दिव्यांग प्रमाणपत्राचे किती अर्ज पडून आहेत, हे माहिती अधिकारात विचारा आणि उत्तरे वृत्तपत्रात छापा. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी लाखो बांधव दीक्षाभूमीवर येतात आणि झोळी भरून पुस्तके घेऊन जातात. पुस्तकांच्या त्या स्टॉलशेजारी तपासणीचा आणि समुपदेशनाचा एक मंडप उभा राहिला पाहिजे, आपल्या डॉक्टरांचा, आपल्या वकिलांचा, आपल्या खर्चाने. जनुकातले अक्षर आपण निवडले नव्हते. त्या अक्षराभोवतीची शरम, ते जातीचे कुंपण आणि शासनाची ती बेपर्वाई मात्र माणसांनी निर्माण केली आहे आणि ती मोडणे आपल्या हातात आहे. जयभीम!